मुख्य विषय

एका मुलामागे मला वीस मिनिटं मिळतात.
डुलुथच्या टेकडीवरचं कॉलेज, तिसरा मजला,
खिडकीत सुपीरियर सरोवर, नोव्हेंबरचं, शिशाच्या रंगाचं,
टेबलावर बावन्न विषयांची यादी.
मुलं ती यादी वाचतात
परक्या घरी ताटात पडलेली भाजी
कसली आहे ते न विचारता ओळखावी, तशी.

आयली राउटियो आली दहा मिनिटं उशिरा.
बाहीवर लोखंडाचा भुगा.
अर्जात ‘मुख्य विषय’ या चौकटीत
जीवशास्त्र, खोडलेलं.
शिक्षणशास्त्र, खोडलेलं.
मग नुसता शाईचा ठिपका,
पेन बराच वेळ टेकून राहिल्याचा.

भुगा कसला, विचारलं.
स्केटच्या पात्यांचा, म्हणाली.
बंद पडलेल्या रिंकच्या लिलावात
धार लावायचं यंत्र सहाशे डॉलरला घेतलं होतं तिनं,
उन्हाळाभर बंदरावर आइस्क्रीम विकून.
आता पहाटे पाचला हॉकीची पोरं येतात गॅरेजात,
बाहेर आया गाड्या चालू ठेवून बसतात.
जोडीला सात डॉलर.
पहिलं गिऱ्हाईक नऊ वर्षांचा गोलकीपर,
मोज्यात गाठ मारून चिल्लर आणलेली.
भवानीची ती चिल्लर
तिनं अजून मोडलेली नाही. मोजाही परत केलेला नाही.

मग मी जे सगळे म्हणतात तेच म्हणालो:
धंदा आहेच, तर धंद्याचंच शिक. व्यवस्थापन. सरळ रस्ता.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
पातं नखावर घासून पाहावं तसं.

“बाबा म्हणतात नर्स हो, पगार चुकत नाही.
भाऊ म्हणतो कॉलेज सोड, दुसरं यंत्र घे.
मला एवढंच कळून घ्यायचंय
की एक पोलाद पिवळ्या ठिणग्या का टाकतं
आणि दुसरं तांबूस, आखूड, चिडल्यासारख्या.
हे कुठल्या विषयात येतं?”

यादीत होतं. पान उलटल्यावर, तळाशी.
मी बोट ठेवलं नाही लगेच.
आधी पेन्सिल घेतली: एका जोडीला किती वेळ?
पंचवीस मिनिटं.
तुझ्या वेळेचे चार डॉलर साठ.
झिजलेल्या दगडाचा एक.
हीटर आणि वीज, साडेतीन.
बेरीज नऊ दहा.
म्हणजे जोडीमागे दोन डॉलर दहा सेंट पदरचे.

वाटलं, रडेल.
ती हसली, मोठ्यानं, बाहेरच्या रांगेनं आत डोकावलं.
“म्हणजे दोन महिने
मी त्यांना पैसे देऊन त्यांचे स्केट घासतेय!”

मी सांगितलं नाही
की मी विषय तीनदा बदलला होता,
की थर्ड स्ट्रीटवरचं माझं छापखान्याचं दुकान
चौदा महिन्यांत बसलं,
आणि त्याची पाटी माझ्या तळघरात
भिंतीकडे तोंड करून उभी आहे.
वीस मिनिटं संपली होती. तीस झाली होती.

अर्ज जानेवारीत आला.
मुख्य विषय: धातुशास्त्र.
त्याखाली, पेन्सिलनं: हिशेब?
प्रश्नचिन्हासकट मी तो पुढे पाठवला.

त्या शनिवारी माझे जुने स्केट घेऊन गेलो,
वीस वर्षं न घातलेले.
गॅरेजच्या दारावर पुठ्ठा:
जोडी दहा डॉलर. नऊ वर्षांखाली सातच. उधारी बंद.
तिनं अंगठ्यानं गंज चाचपला.
म्हणाली, दोन धारा असतात याला, मध्ये खळगा,
तुमच्या दोन्ही गेल्यात, नुसता खळगाच उरलाय.
वेळ लागेल. थांबता?

थांबलो.
ठिणग्या आधी तांबूस होत्या.